अंतराळाचं तिकीट : रॉकेटच्या आधी गाडी अडते ती बँकेत

आधी एक खुलासा, कारण ‘प्रकाशाच्या वेगानं अंतराळात जायचं तिकीट मिळतं का?’ अशी विचारणा सारखी होते. प्रकाशापेक्षा वेगानं नेणारं तिकीट जगात कुणीही विकत नाही. नासाचं पार्कर यान ही माणसानं बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू. डिसेंबर 2024 मध्ये सूर्याजवळ त्याचा वेग ताशी सुमारे 6,90,000 किलोमीटर होता. तेवढं अंतर प्रकाश अडीच सेकंदांच्या आत कापतो. तेव्हा ‘लाइटस्पीड बुकिंग’च्या नावानं कुणी आगाऊ रक्कम मागितली, तर एक रुपयाही देऊ नका.

खरी मिळते ती अंतराळात काही मिनिटांची झेप. मे 2024 मध्ये भारतीय वैमानिक गोपी थोटाकुरा ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीच्या न्यू शेपर्ड यानातून अशी झेप घेऊन आले. अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर भरायचा. त्यात अवघड काही नाही. उड्डाणं सध्या सुरू आहेत का, एवढं मात्र अनामत भरण्याआधी लेखी विचारा. व्हर्जिन गॅलेक्टिक या दुसऱ्या कंपनीचं युनिटी यान जून 2024 मध्ये निवृत्त झालं आणि रांगेतले लोक पुढच्या यानाची वाट बघत राहिले.

आता मुख्य अडचण. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरच बाहेर पाठवता येतात. व्हर्जिनचं तिकीट 2021 मध्येच 4,50,000 डॉलर होतं. म्हणजे एका वर्षात ते बसतच नाही. त्यापुढच्या रकमेला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. हे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असं असतं, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. ‘डिसेंबरात निम्मे, जानेवारीत निम्मे’ असा हिशेब करणारे इथेच फसतात. मुलीच्या परदेशी कॉलेजची फी तुमच्या खात्यातून गेली असेल, किंवा तुम्ही अमेरिकन शेअर घेतले असतील, तर तेही याच मर्यादेत धरलं जातं. बँक बदलली म्हणून मर्यादा नवी होत नाही.

सगळ्यात जाचक नियम पुढे आहे. मर्यादा एकदा संपली, की कंपनीनं अनामत परत केली आणि पैसे भारतात आले तरी त्या वर्षात पुन्हा पाठवता येत नाहीत. बँकेच्या खिडकीवर हे आधी कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवं. म्हणून पहिला हप्ता मार्चमध्ये, उरलेला एप्रिलमध्ये, आणि तसं वेळापत्रक कंपनीकडून लेखी घ्या. ठरावीक रकमेपुढे टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर हाताशी तेवढे पैसे हवेत.

कागद मोजकेच: पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा, पॅन, आणि परदेशी पैसे पाठवण्यासाठी बँकेत भरायचा ए-टू फॉर्म. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पॅनवर नाही, असं आपल्याकडे घरोघरी असतं. ते आधी दुरुस्त करून घ्या.

न्यू शेपर्डच्या अटी अशा होत्या: वय 18 पूर्ण, उंची सुमारे 152 ते 193 सेंटिमीटर, वजन 50 ते 101 किलो, सात मजले दीड मिनिटात चढणं, पट्टा 15 सेकंदांत लावणं-सोडणं. वजनावर सगळ्यांचं लक्ष असतं, जिन्याचा सराव कुणी करत नाही. आजपासून करा. दार लागल्यावर दीड तासापर्यंत शौचालयाविना बसावं लागू शकतं, हेही डॉक्टरांशी बोलून घ्या.

शेवटी संमतिपत्र. प्रवाशांसाठी हे यान सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र अमेरिकन सरकारनं दिलेलं नाही, असं कंपनीला कायद्यानं लेखी कळवावं लागतं, आणि ते वाचून तुम्ही सही करायची असते. हा कागद सहीच्या दिवशी पहिल्यांदा बघू नका. महिनाभर आधी मागवून घ्या आणि घरच्यांसमोर मोठ्यानं वाचा.