जुन्या संगणकावर बिटकॉइन मिळतात का?

‘अडगळीतला संगणक रात्रभर चालू ठेवा, बिटकॉइन जमा होतील’ हा संदेश बरीच वर्षं फिरतो आहे. २००९ मध्ये ते खरंच जमायचं. साधा प्रोसेसर पुरायचा. आता स्पर्धा एसिक यंत्रांशी आहे, जी फक्त बिटकॉइन मिळवण्यासाठीच बनवलेली असतात, दुसरं काहीच करत नाहीत. जुना प्रोसेसर सेकंदाला फार तर १ कोटीच्या आसपास हॅश (बिटकॉइन मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा करायची आकडेमोड) काढतो, आधुनिक एसिक १०० लाख कोटींहून जास्त. म्हणजे यंत्राच्या एका सेकंदाच्या कामाला संगणकाला सुमारे ११५ दिवस लागतील! वीज मात्र रोज जळते: सतत १०० वॉट म्हणजे दिवसाला २.४ युनिट.

पडताळायचं असेल तर प्लगला वॉटमीटर लावा. माइनिंग, म्हणजे बिटकॉइन मिळवण्याच्या कामाच्या, ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये हॅशरेट (सेकंदाला किती हॅश), वॉट आणि विजेचा दर भरा. पूलची (एकत्र माइनिंग करून कमाई वाटून घेणाऱ्या गटाची) पैसे देण्याची किमान रक्कमही बघा, ती गाठेपर्यंत हाती काही येत नाही.