नाग नदी ते बंगालचा उपसागर: डायटमच्या सिलिकाचा हिशोब

नागपूरच्या मोरीतून वाहून गेलेलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं. नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते. पुढे गोसीखुर्दचं धरण लागतं. त्याखाली वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. समुद्रापासून इतक्या लांबच्या शहराने समुद्री जीवांचा विचार का करावा, याचं उत्तर या वाटेवर पाण्यात काय मिसळतं आणि काय मागे राहतं, यात आहे.

समुद्रातलं अन्न तयार करतात ते वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, उन्हावर वाढणाऱ्या एकपेशीय वनस्पती. जगातल्या सगळ्या वनस्पतींच्या वजनात त्यांचा वाटा एक टक्काही नाही, तरी पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भाग त्यांच्याकडून होतो. याचं कारण वेग. झाड वर्षानुवर्षं लाकूड साठवतं, तर प्लवकाची पेशी एक-दोन दिवसांत दुभागते आणि तितक्याच लवकर कुणाच्या तरी पोटात जाते. या प्लवकांत डायटमचा मान मोठा आहे. जगातल्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण पाचवा भाग एकट्या डायटमचा.

डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे मूळ काचेचंच द्रव्य. ते दोन भागांत असतं, डबा आणि त्याच्यावर बसलेलं झाकण असावं तसं, आणि त्याला ओळीने बारीक छिद्रं असतात. पेशी दुभागली की एकीला डबा मिळतो, दुसरीला झाकण. गंमत अशी की दोघीही आपल्याकडे आलेला भाग झाकण म्हणूनच वापरतात आणि त्यात बसेल असा डबा नव्याने घडवतात. त्यामुळे जिच्या वाट्याला मुळात डबा आला ती आईपेक्षा किंचित लहान होते. पिढ्यानपिढ्या असं लहान होत गेल्यावर लैंगिक प्रजननातून पुन्हा पूर्ण आकाराची पेशी तयार होते. आपल्या दृष्टीने मुद्दा हा की नवा अर्धा भाग घडवायला पाण्यात विरघळलेली सिलिका हवीच. ती नसेल तर नत्र, स्फुरद आणि ऊन मुबलक असूनही डायटमची वाढ थांबते. बाकीच्या बहुतेक प्लवकांना सिलिकाची अशी गरज नसते.

ही सिलिका येते खडकांतून. नागपूरच्या पश्चिमेला पसरलेल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, निम्मं वजन सिलिकाचं असतं, आणि तो ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो. पावसाचं पाणी तो झिजवतं आणि नद्या ती सिलिका समुद्रापर्यंत नेतात. नत्र आणि स्फुरद मात्र आता मोठ्या प्रमाणात माणसांकडून आणि खतांमधून येतात.

हिशोब मांडून बघू. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण 7 ते 12 ग्रॅम नत्र आणि एक-दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडतं. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या वर होती. म्हणजे दिवसाला 17 ते 29 टन नत्र. त्यातलं काही सेप्टिक टाकीत, काही मातीत, काही हवेत जातं, सगळंच नदीत पोचत नाही. पण डायटमला नत्राच्या एका अणूमागे सिलिकॉनचा, म्हणजे सिलिकातल्या मूलद्रव्याचा, साधारण एक अणू लागतो, म्हणजे वजनात एक किलो नत्रामागे दोन किलो सिलिकॉन. 17 टन नत्र डायटमनेच वापरायचं तर रोज 34 टन सिलिकॉन हवं, आणि सांडपाण्यात ते या प्रमाणात नसतं.

इथे धरण मध्ये येतं. वाहत्या गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही. धरणात पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि तिथलेच गोड्या पाण्यातले डायटम वाढू लागतात. ते विरघळलेली सिलिका उचलतात, मरतात आणि कवचांसकट तळाला जातात. खाली सोडलेल्या पाण्यात सिलिका कमी होते. नत्र-स्फुरदही थोडं अडतं, पण धरणाखालची गावं आणि शेतं त्याची भरपाई करतात. सिलिकाची भरपाई करणारं कुणी नसतं. डॅन्यूब नदीवर 1972 मध्ये आयर्न गेट धरण पूर्ण झालं. नंतर काळ्या समुद्रात येणारी सिलिका घटलेली दिसली आणि डायटमच्या जागी इतर प्लवकांचे लोंढे वाढले. सुरुवातीला सगळा दोष त्या एका धरणावर आला, पण पुढे असं दिसलं की वरच्या भागातल्या अनेक लहान-मोठ्या धरणांचा वाटा त्यात मोठा आहे. गोदावरीच्या खोऱ्यातही धरणांची साखळी आहे, त्यामुळे एकट्या गोसीखुर्दकडे बोट दाखवणं चुकीचं ठरेल.

डायटम मागे पडले तर बिघडतं काय? डायटमना कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी प्राणी खातात, कोपेपॉडना मासे खातात. तारलीसारखे मासे तर डायटम थेट गाळून खातात. साखळी आखूड, म्हणून मासळी भरपूर. अरबी समुद्राच्या उत्तर भागात 2000 नंतर हिवाळ्यात नॉक्टिल्युका या प्लवकाचे हिरवे थर दिसू लागले, पूर्वी तिथे डायटम भरत असत. नॉक्टिल्युकाची पेशी अर्ध्या-एक मिलिमीटरची. ती स्वतः डायटम खाते, आणि तिला खाणारे मुख्यतः साल्प नावाचे पारदर्शक, पाणी गाळून खाणारे जीव आणि जेलीफिश. ते माशांच्या फारसे कामाचे नाहीत. असं का झालं यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. काहींचं म्हणणं वर येणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला, काहींचं म्हणणं सिलिका अपुरी पडते.

यात तापमानवाढीची भर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटले. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालचं पोषक पाणी वर येत नाही. बंगालच्या उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर आधीच वर असतो, म्हणून तिथे वरचं-खालचं पाणी मिसळणं मुळातच कमी. अशा समुद्रात किनाऱ्याजवळची मासळी नदी काय आणते यावर जास्तच अवलंबून राहते.

नागपुरात बसून डायटम बघता येतात. फुटाळा तलावाच्या पाण्याला प्लवक गाळायची जाळी लागत नाही. 60 मायक्रॉनच्या जाळीतून लहान डायटम निसटूनच जातात. त्यापेक्षा एक लिटर पाणी उंच, पारदर्शक बरणीत घ्यावं, त्यात 5 मिली ल्युगॉल आयोडीन, म्हणजे पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण, घालावं आणि किमान दोन दिवस न हलवता अंधारात ठेवावं. मग बारीक नळीने वरचं 900 मिली पाणी हळूच काढून टाकावं आणि तळाचा थेंब 400 पट मोठा करून बघावा. आयोडीनमुळे हिरव्या शेवाळाच्या पेशी गडद निळ्या-काळ्या होतात, कारण ती स्टार्च साठवतात. डायटम स्टार्च साठवत नाहीत, ते पिवळट तपकिरीच राहतात. एक चूक हमखास होते: मायक्रोसिस्टिस हे निळे-हिरवे शेवाळ वायूच्या पोकळ्यांमुळे तरंगतं आणि वरच्या पाण्याबरोबर फेकलं जातं. म्हणून आयोडीन घालण्याआधी वरचा तवंग वेगळा बघून घ्यावा. तो दाट असेल तर तिथे नत्र-स्फुरद भरपूर झालंय, हे उघड आहे.

उपायांत सगळ्यात जवळचा म्हणजे सांडपाणी. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात कुजणारा भाग निघतो, पण नत्र-स्फुरदाचा मोठा हिस्सा पाण्यातच राहतो. तो काढायला वेगळा टप्पा लागतो आणि तो महाग पडतो. भांडेवाडीच्या केंद्रातलं पाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं, ही वाट मला सगळ्यात पटते: जे पाणी नदीत गेलंच नाही, त्याचं नत्र पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. नदीच्या तपासणीत नत्र आणि स्फुरद नेमाने मोजलं जातं, विरघळलेली सिलिका क्वचित. खरं तर मॉलिब्डेटच्या रंगचाचणीने ती साध्या उपकरणावरही मोजता येते. नाग, कन्हान, आंभोरा आणि गोसीखुर्दच्या खाली, अशा चार ठिकाणी पावसाळ्याआधी, पुरात आणि दिवाळीनंतर नमुने घेतले तर धरण किती अडवतं ते कळेल. नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नये, काचेतली सिलिका पाण्यात उतरते आणि आकडा फुगतो. गोठवूही नये, त्याने सिलिकाचे रेणू एकमेकांना जुळतात आणि आकडा कमी येतो. प्लास्टिकची बाटली घ्यावी, पाणी जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढावं आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत 4 अंश सेल्सियसला, अंधारात ठेवावं.