'डिस्पेअर' म्हणजे आशा मरते का?

'डिस्पेअर' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला. 'स्पेरारे' म्हणजे आशा धरणे. त्याला 'दे' लागला की ती सुटते. गंमत म्हणजे 'डेस्परेट' त्याचाच सख्खा भाऊ, पण स्वभाव अगदी उलटा. डिस्पेअरने ग्रासलेला माणूस हातपाय गाळून बसतो, डेस्परेट माणूस जिवावर उदार होऊन काहीही करायला निघतो. आपला 'हताश' दोघांहून कठोर: ज्याची आशा मारली गेली आहे तो.

पण आशा खरंच मरते का?

1967 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. वाचताना आजही जीव कळवळतो. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने पट्टी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटालाही तेवढेच झटके, मात्र त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उडी मारली. दुसऱ्यातले बहुतेक कण्हत तिथेच पडून राहिले. झटके दोघांनाही सारखेच बसले होते; दुसऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं, एवढाच फरक. 'काहीही केलं तरी उपयोग नाही' हे ते शिकले, असा निष्कर्ष निघाला आणि याला 'शिकलेली असहायता' हे नाव पडलं.

2016 मध्ये याच दोघांनी आपलाच निष्कर्ष उलटा केला, आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. उंदरांच्या मेंदूच्या अभ्यासातून दिसलं, की दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं शिकावं लागतच नाही. मेंदूच्या देठातला राफे नावाचा पेशीपुंज सेरोटोनिन हे रसायन सोडतो आणि शरीर आपोआप थिजतं. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: 'माझ्या करण्याने फरक पडतो.' ती कळली की कपाळामागचा मेंदूचा भाग राफेला आवर घालतो. म्हणजे खचलेल्या माणसाला 'मनाने कमकुवत' म्हणणं साफ चूक आहे.

त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं? पेटीच्या पलीकडे खाणं ठेवलं, हाका मारल्या. उपयोग झाला नाही. शेवटी गळ्याला बांधलेल्या दोरीने त्यांना अडसरापलीकडे ओढून नेलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढायला लागणारा जोर कमी होत गेला, आणि मग ते आपणहून उड्या मारू लागले.