मांजराच्या पिल्लाचा चावा: खेळातला आणि भीतीतला

मांजराचे दोन-तीन महिन्यांचे पिल्लू घरात आले की आठवड्याभरातच घरच्यांच्या हातापायांवर ओरखडे दिसू लागतात आणि पिल्लू रागीट निघाले असे ठरवले जाते. वस्तुतः खेळताना घेतलेला चावा आणि घाबरून घेतलेला चावा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर चावणे कमी होण्याऐवजी वाढते, म्हणून चावा कोणता हे आधी ओळखले पाहिजे.

कोल्हापुरात हा फरक तालमीच्या उदाहरणाने चटकन पटावा. लाल मातीत जोर करणारे दोन जोडीदार एकमेकांना आपटतात, पण आळीपाळीने खाली-वर होतात आणि इजा करण्याचा हेतू कोणाचाच नसतो. पिल्लांची झोंबाझोंबी अशीच असते. साधारण चौथ्या आठवड्यापासून ती सुरू होते. दात जास्त रुतले की भावंड ओरडते, खेळ सोडून निघून जाते किंवा उलट चावते, आणि त्यातूनच किती जोराने चावावे याची समज येते. म्हणूनच पिल्लू किमान आठ, शक्यतो बारा आठवडे आई-भावंडांत राहिलेले बरे. पेठांमधल्या जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर मांजर व्याली आणि पिल्लांचे डोळे उघडून ती जरा फिरू लागली, की एखादे उचलून दुसऱ्या घरी दिले जाते. अशा पिल्लाचे हे शिक्षण अर्धवट राहते आणि ते माणसाच्या हातावर पुरे होऊ लागते.

खेळणारे पिल्लू बहुधा आवाज करत नाही. ते पडद्याआड दबा धरते, कान पुढे रोखते, मागचा भाग डावी-उजवीकडे हलवते आणि समोरून जाणाऱ्या पायावर किंवा साडीच्या काठावर झडप घालते; चावून दूर पळते आणि क्षणभरात पुन्हा येते. घाबरलेल्या पिल्लाचे कान मागे चपटे होतात, अंग आक्रसते, ते फिसकारते, गुरगुरते आणि कोपऱ्यात शिरू पाहते. घोटाळा होतो तो विस्फारलेली बुबुळे आणि पाठीची कमान पाहून, कारण खेळाच्या भरातही पिल्लू पाठ वाकवून तिरप्या उड्या मारते. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे चावल्यानंतर पिल्लू काय करते ती: परत येणारे पिल्लू खेळत असते, पळवाट शोधणारे पिल्लू घाबरलेले असते.

खेळातल्या चाव्यावर उपाय म्हणजे अधिक आणि योग्य खेळ. हात हे खेळणे नाही, हा नियम घरातल्या सर्वांनी पहिल्या दिवसापासून पाळावा. मुलांनी बोटे नाचवायची आणि आजोबांनी रागवायचे, असे झाले तर पिल्लाला काहीच कळत नाही. दात लागले की हात झटक्याने ओढू नये, कारण निसटणारी वस्तू पिल्लाला भक्ष्यासारखी वाटते. हात स्थिर ठेवून, पकड सैल झाली की काढून घ्यावा आणि थोडा वेळ पिल्लाकडे लक्षच देऊ नये. सकाळी आणि दिवेलागणीला मांजर विशेष चळवळे असते. त्या वेळी काठीला बांधलेले पीस किंवा चिंधी जमिनीवरून उंदरासारखी पळवावी, अधूनमधून पिल्लाला पकडू द्यावी आणि खेळ संपताच खायला द्यावे. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. दोरा मात्र लगेच उचलून ठेवावा, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकून जिवावर बेततो. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास २६ दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ३० पक्के दात येतात. या काळात चावणे थोडे वाढू शकते.

भीतीतल्या चाव्यावर उपाय नेमका उलटा आहे. येथे खेळणे पुढे करू नये आणि ‘सवय होईल’ म्हणून मांडीवर दाबून धरू नये. अंतर द्यावे, लपायला खोका द्यावा आणि पिल्लू स्वतःहून येईपर्यंत थांबावे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतला डॉल्बी दाराशी वाजत असेल, तर आतल्या खोलीचे दार लावून घ्यावे. खिडकीतून कुंपणावरचा बोका दिसल्याने बिथरलेले पिल्लू जवळच्या हाताला चावते, तेव्हाही त्याला उचलू नये. शांत पिल्लू विशिष्ट जागी हात लावताच चावू लागले तर दुखणे असू शकते. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

मारणे, मानगूट धरून हलवणे किंवा तोंडावर पाणी मारणे दोन्ही बाबतींत चुकीचे आहे. त्याने खेळणारे पिल्लूही माणसाला घाबरू लागते.

दात किंवा नखी लागून कातडी फाटली, तर चावा कोणता होता याचा विचार करत बसू नये. हळद किंवा चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबाबत विचारावे. पिल्लालाही तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस टोचून घ्यावी.