माशाची आठवण तीन सेकंदांची नसते

'माशाला तीन सेकंदांपलीकडचं आठवत नाही' हा फॉरवर्ड बऱ्याच वर्षांपासून फिरतोय. पडताळा घरीच घेता येतो. मत्स्यटाकीच्या एका कोपऱ्यापाशी रोज छोटा दिवा लावून तिथेच खाणं टाका. काही आठवड्यांनी नुसता दिवा लावा. मासे बहुधा तिथे जमतील, म्हणजेच कालचं त्यांना आठवतं. (काचेवर टिचकी मात्र मारू नका, मासे बिथरतात.) गोल्डफिशवरच्या प्रयोगांत तर शिकलेली गोष्ट महिनोन्महिने टिकलेली दिसली आहे.

हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट (थंड पाण्यातला मासा) धरायला जाण्याआधी पिसं-दोरा घेऊन गळाच्या नकली माश्या (किड्यांसारखी दिसणारी आमिषं) बांधत असाल, तर हे फार महत्त्वाचं आहे. पकडून सोडलेला ट्राउट पुढे काही काळ सावध राहू शकतो. त्यामुळे एकाच नमुन्याच्या डझनभर बांधू नका. आकार, रंग बदला.