चारही चाकं ओढतात, थांबवतो मात्र टायर

पावसाळा लागला की कपाशीच्या रानातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचे दोन पट्टे ओढत जातो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर. ते पाणी पिऊन फुगतं आणि डांबर व टायर यांच्यामध्ये साबणासारखा थर बसतो. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या मुलखात चालक जसा जपून गाडी हाकतो, तसंच खान्देशात या पट्ट्यांवर हाकायला हवं. ऑल-व्हील ड्राइव्हची, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी, वेगवान सेडान घ्यावी का, आणि घेतली तर कोणत्या जातीची, याचा विचार इथूनच सुरू होतो.

टायरची पकड दोन गोष्टींवर ठरते: चाकावरचं वजन आणि घर्षण गुणांक, म्हणजे त्या वजनाच्या किती पट पकड रस्ता देतो तो आकडा. कोरड्या डांबरावर हा गुणांक साधारण ०.८, ओल्यावर ०.५, दाबलेल्या बर्फावर ०.२. मातीचा ओला थर बर्फाच्या बराच जवळ जाऊ शकतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढे असतं. गुणांक ०.२ असेल तर तिची ओढ वजनाच्या १२ टक्क्यांवर संपते. म्हणजे १०० मीटरला १२ मीटर चढणारा रस्ता आला की चाकं जागच्या जागी फिरू लागतात. खरं तर त्याआधीच, कारण चढावर वजन मागे झुकतं. चारही चाकं ओढत असतील तर हीच मर्यादा २० टक्क्यांपर्यंत जाते. तोरणमाळचा घाट पावसात चढताना हा फरक हाताला जाणवतो.

कोरड्या रस्त्यावर साध्या इंजिनाला याची गरज पडत नाही. ताकद वाढली की पडते. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्हसारखी गाडी साडेचार सेकंदांच्या आसपास १०० किलोमीटरचा वेग गाठते. त्यासाठी गाडीच्या वजनाच्या सरासरी ६३ टक्के इतकी ओढ लागते. फक्त पुढच्या चाकांची कोरडी पकड ४८ टक्क्यांवरच संपते. एवढी ताकद फक्त पुढच्या चाकांना दिली, तर ती टायर जाळण्यात जाते.

आता ब्रेक. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना ऑल-व्हील ड्राइव्हचा काडीचाही उपयोग नाही. ताशी ८० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर ३२ मीटर, ओल्यावर ५० आणि ०.२ गुणांकाच्या थरावर तब्बल १२६ मीटर लागतात. धोका असा की अशी गाडी घसरड्या रस्त्यावरही सहज वेग घेते आणि रस्ता चांगला आहे असा चालकाचा समज होतो. कन्नड घाट उतरताना हाच समज महागात पडतो.

म्हणून पैसा आधी टायरवर घालावा. कायद्याने टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण ३ मिलिमीटरखाली गेली की साचलेलं पाणी बाजूला सारणं तिला जमत नाही. पावसाळ्याआधीच टायर बदलावेत. हिवाळी टायरचं रबर जास्त सिलिका घालून मऊ राखलेलं असतं, कारण साधं उन्हाळी रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागतं. धुळ्यात थंडीच्या लाटेत पहाटे पारा १० च्या खाली उतरला, तरी दिवस चढला की रस्ता तापतो. आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते मऊ रबर भराभर झिजेल, ब्रेकचं अंतरही वाढवेल. इथे हिवाळी टायर नकोतच. बर्फात मनालीकडे जायचं असेल तर मात्र चारही हिवाळी टायर बसवावेत, दोन नव्हे.

इथल्या थंडीत खरी गोष्ट हवेची आहे. ४२ अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा १० अंशांच्या पहाटे सुमारे २८ वर येते, कुठेही गळती नसताना. नोव्हेंबरमध्ये गाडी थंड असताना हवा पुन्हा तपासा.

ऑल-व्हील ड्राइव्हच्या जाती मुख्यतः तीन. इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ ऑडी एस३ मध्ये, मागच्या धुरीपाशी तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा क्लच असतो. गरज लागेल तशी तो ताकद मागे पाठवतो. रोजच्या वापराला पुरेसा, पण त्याचं तेल ठरल्या अंतराला बदलावंच लागतं, आणि नेमकं तेच काम अनेक जण टाळतात. दुसरी जात बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हची: ताकद मुळात मागच्या चाकांना, क्लच ती पुढे देतो, वळणात गाडी हलकी वाटते. तिसरी टॉर्सन डिफरन्शियलची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीची, जी उभ्या इंजिनाच्या अनेक क्वाट्रो (ऑडीच्या ऑल-व्हील ड्राइव्ह) गाड्यांत असते. ती निव्वळ गिअरवर चालते, संगणकाची वाट पाहत नाही. जुनी गाडी घ्यायची असेल तर आमचं मत तिसरीच्या बाजूने. मात्र जळगाव–धुळे महामार्गावरच रोजची धाव असेल, तर चांगल्या टायरची साधी सेडान पुरे. ऑल-व्हील ड्राइव्हने वजन वाढतं आणि डिझेल-पेट्रोलही जास्त जातं. शिवाय सेडानचं पोट खाली. ते चिखलात टेकलं की चारही चाकं फिरूनही उपयोग नाही.

या गाड्या बिघडतात त्या बहुधा टायरच्या फरकाने. पुढे ८ मिलिमीटरची नवी नक्षी आणि मागे ४ ची जुनी असेल, तर घेरात सुमारे सव्वा टक्का फरक पडतो. दर किलोमीटरला साडेबारा मीटरचा हिशेब क्लचला घसरून भागवावा लागतो, मग तो तापतो आणि जळतो. चारही टायर एकाच कंपनीचे, गाडीला ठरवून दिलेल्या मापाचे ठेवा आणि पुढचे-मागचे एकाच मापाचे असतील तर दर १०,००० किलोमीटरला अदलाबदल करा. लहान घेराची स्टेपनी फक्त पंक्चरवाल्यापर्यंत.

जुनी गाडी पाहायला गेलात तर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारा. हिसके बसले, खडखड आली, तर बहुधा क्लचचं तेल खराब आहे किंवा टायर जुळत नाहीत. गाडी जॅकवर घेऊन एकच चाक उचललेलं असताना गिअर टाकू देऊ नका. जमिनीवरची चाकं ओढ घेतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते. आणि रस्त्यात बंद पडली तर क्रेनवाल्याला पुढची चाकं उचलून ओढू देऊ नका. मागची चाकं फिरली की क्लच किंवा डिफरन्शियल जाऊ शकतं. चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रकच मागवा, तो यायला दोन तास लागले तरी.