हाक आणि पकड: सायटोकाइन वेगळं, अँटिबॉडी वेगळी

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, माझ्या मोबाइलवर दिवसभर निरोप येत राहायचे. ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा पाहिजे, अर्जंट, भायखळा.’ त्याच्याच खाली, पुष्कळदा त्याच घरातून, ‘टोसीचं एक इंजेक्शन कुठे मिळेल का?’ मी परळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून लोकांना वाटायचं हिला ठाऊक असेल. माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. पण ते निरोप वाचताना एक गोष्ट सतत टोचायची. माणसं जिवाच्या आकांतानं दोन औषधांमागे धावत होती आणि ती दोन्ही ‘इम्युनिटीची’ आहेत, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. प्लाझ्मा म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या अँटिबॉडी उसन्या घेणं. टोसी, म्हणजे टोसिलिझुमॅब, हे एका सायटोकाइनची हाक कानाआड करणारं औषध. एकात शरीराला काहीतरी द्यायचं होतं, दुसऱ्यात शरीराचंच काहीतरी थांबवायचं होतं.

हे दोन शब्द त्या वर्षी घराघरांत पोचले, पण एकत्रच पोचले आणि अजून लोकांच्या बोलण्यात जोडीनंच येतात. ‘अँटिबॉडी जास्त झाल्या म्हणून अंगाला सूज आली.’ ‘लस लागू पडली का बघायला सायटोकाइनची टेस्ट करू का?’ दोन्ही वाक्यं मी काउंटरवर ऐकली आहेत.

दोन्ही प्रथिनं आहेत, दोन्ही आपल्याच पेशी बनवतात, दोन्ही रक्तात सापडतात. म्हणून गोंधळ होतो. फरक आहे तो त्यांचं काम कुणाशी आहे यात. सायटोकाइन म्हणजे एका पेशीनं दुसरीला घातलेली हाक. ते जंतूला चिकटत नाही, त्याचा जंतूशी थेट संबंधच नसतो. ते बसतं आपल्याच दुसऱ्या पेशीवरच्या ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे ती हाक ऐकणाऱ्या कानावर, आणि मग ती पेशी काहीतरी करू लागते: सूज आणते, ताप वाढवते, वाढते किंवा मरते. अँटिबॉडीचं उलटं. तिला मराठीत प्रतिपिंड म्हणतात. ती एका ठरावीक जंतूच्या एका ठरावीक भागावर बसणारी पकड आहे. गोवराची अँटिबॉडी गोवराच्याच विषाणूला धरते, कांजिण्यांच्या नाही.

अँटिबॉडी फक्त बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या वंशातल्या पेशी बनवतात. सायटोकाइन्स मात्र जवळजवळ कुठलीही पेशी बनवू शकते: त्वचेची, रक्तवाहिनीच्या अस्तराची, अगदी पोटावरच्या चरबीचीसुद्धा. टिकण्यातही जमीनअस्मानाचा फरक. रक्तातल्या आयजीजी या अँटिबॉडीचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३ आठवडे लागतात. सायटोकाइन रक्तात आलं की फार वेळ राहत नाही, पुष्कळदा तासाभरातच निम्मं होतं. म्हणून आयएल-६ या सायटोकाइनच्या तपासणीचं सॅम्पल आलं की आम्ही ते चटकन सेंट्रिफ्यूजला लावतो, सिरम वेगळं काढतो आणि गार ठेवतो. अँटिबॉडीच्या सॅम्पलला एवढी घाई नसते.

सुरमई साफ करताना बोटात काटा घुसला की काय होतं ते बघा. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी बसलेल्याच असतात. काट्याबरोबर आत आलेले जंतू त्यांना जाणवतात, मात्र हा नेमका कुठला जंतू हे त्यांना कळत नाही, फक्त काहीतरी परकं आहे एवढंच कळतं. त्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-८ अशी सायटोकाइन्स सोडतात. जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून बोट लाल आणि गरम होतं. त्यांच्या भिंती सैल पडतात, पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. आतलं अस्तर चिकट होतं, त्यामुळे रक्तातून वाहत चाललेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, घरंगळत थांबतात आणि भिंतीतून पिळून बाहेर येतात. आयएल-८ त्यांना काट्यापर्यंत वाट दाखवतं. संध्याकाळपर्यंत बोट ठसठसू लागतं. जखम मोठी असेल तर हाक लांब जाते: मेंदूच्या हायपोथॅलॅमसपर्यंत, आणि ताप येतो, यकृतापर्यंत, आणि ते बनवत असलेलं सीआरपी हे प्रथिन वाढतं.

इतका वेळ अँटिबॉडीचं नावही निघालेलं नाही. या जंतूची नवी अँटिबॉडी अजून जन्मालाच यायची असते.

सीआरपीचा रिपोर्ट हातात घेऊन ‘इन्फेक्शन किती आहे?’ असं विचारणारे रोज भेटतात. सीआरपी जंतू मोजत नाही. यकृतानं मुख्यतः आयएल-६ ची हाक ऐकली, एवढंच ते सांगतं. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, संधिवात भडकला, तरी ते वाढतं, आणि तिथे एकही जंतू नसतो. त्या आकड्यावरून स्वतःच अँटिबायोटिक सुरू करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की असं करू नका. आणखी एक, सगळ्याच हाका ‘या, या’ अशा नसतात. आयएल-१० सारखी सायटोकाइन्स ‘आता पुरे’ म्हणणारी असतात. ती नसती तर प्रत्येक काटा महिनाभर ठसठसला असता.

आमच्या लॅबपासून चालत जाण्याच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. हा भाग मला नेहमी आठवतो, कारण सगळा फरक त्यात आहे. त्या रात्रीचा ताप सायटोकाइन्सचा होता. प्लेगच्या जंतूवरची पकड त्यानंतर दिवसांनी आणि आठवड्यांनी तयार होत गेली असणार. त्या काळी अँटिबॉडीची कल्पना नुकती रुजत होती. बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्पावरचं अँटिटॉक्सिन १८९० मध्ये दाखवलं होतं. इंटरफेरॉन हे सायटोकाइन सापडायला १९५७ उजाडलं, आणि ‘सायटोकाइन’ हा शब्द तर १९७४ चा. लसीनंतर ताप आला नाही म्हणून लस वाया गेली असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ताप ही त्या दिवशीची हाक आहे. पकड किती चांगली तयार होईल हे त्यावरून सांगता येत नाही.

या दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही असं मात्र नाही. आयएल-६ चीच गोष्ट घ्या. १९८६ मध्ये ओसाकाच्या किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटानं त्याचं जनुक वेगळं केलं, तेव्हा ते शोधत होते बी-पेशींना अँटिबॉडी बनवायला लावणारा घटक. पुढे कळलं की हेच प्रथिन ताप आणतं, यकृताला सीआरपी बनवायला लावतं, सांधे सुजवतं. म्हणजे पकड घडवायची ती हाक देऊनच. आणि आता उलट बाजू बघा: ज्या टोसीसाठी लोक वणवण फिरले ते टोसिलिझुमॅब स्वतःच एक अँटिबॉडी आहे, कारखान्यात बनवलेली. ती जंतूला धरत नाही, आपल्या पेशींवरच्या आयएल-६ च्या रिसेप्टरवर बसून राहते आणि हाक आत पोचू देत नाही.

मग २०२१ मध्ये धावण्याचा उपयोग किती झाला? प्लाझ्माचा जवळजवळ नाही. आयसीएमआरनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली होती. प्लाझ्मानं आजार बळावणं थांबलं नाही आणि मृत्यूही टळले नाहीत. मे २०२१ मध्ये तो उपचारांच्या यादीतून काढला गेला. त्याचं एक कारण समजण्यासारखं आहे. रुग्ण ऑक्सिजनवर जाईपर्यंत बहुतेकांच्या स्वतःच्या अँटिबॉडी तयार झालेल्या असत, आणि फुप्फुसाचं नुकसान विषाणूपेक्षा आपल्याच हाकाटीनं जास्त होत असे. म्हणून सगळ्या हाका दबक्या करणारं डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड कामी आलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं घटवले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. टोसीचाही ऑक्सिजनवरच्या, सूज खूप वाढलेल्या रुग्णांना उपयोग झाला, पण तो लोकांना वाटत होता त्यापेक्षा बराच कमी. ज्यांनी दागिने गहाण टाकून ते मिळवलं, त्यांना हे आधी कुणी शांतपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मुंबईत या फरकाचा रोज कस लागतो तो क्षयरोगात. पूर्वी टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी तपासणारे किट सर्रास विकले जायचे. ते निरोग्याला टीबी आहे सांगायचे आणि टीबीच्या रोग्याला नाही म्हणायचे. टीबीचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात लपून बसतो, तिथे अँटिबॉडी फारशी पोचत नाही. शरीर त्याच्याशी मुख्यतः टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी आणि सायटोकाइन्स यांच्या जोरावर लढतं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे किट वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली.

त्याच लढाईतलं सायटोकाइन मोजणारी तपासणी मात्र आम्ही करतो. तिचं नाव इग्रा. चार लहान ट्यूब असतात, राखाडी, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या झाकणाच्या. प्रत्येकीत १ मिलिलिटर रक्त. हिरव्या आणि पिवळ्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे सुकवलेले असतात. ते रक्तात नीट मिसळावेत म्हणून प्रत्येक ट्यूब १० वेळा वरखाली हलवायची, फार जोरात नाही. मग ३७ अंशांवर १६ ते २४ तास. ज्या टी-पेशींनी टीबीचा जंतू पूर्वी पाहिलेला असतो, त्या तुकडे ओळखून इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन सोडतात. हाक कुणालाही ऐकू जाणारी असली, तरी इथे ती घालणारी पेशी ओळखीची असते, हे इथे दिसतं. राखाडी ट्यूबमध्ये काही नसतं. जांभळीत पेशींना मुद्दाम डिवचणारा पदार्थ असतो. तिथेही पेशी गप्प राहिल्या, तर पुष्कळदा रिपोर्ट ‘अनिर्णित’ द्यावा लागतो, कारण ज्याचा आवाजच बसलाय त्याच्या गप्प राहण्याला अर्थ नसतो. इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची टीबीशी गाठ पडलेली आहे. आजार चालू आहे की जंतू निपचित पडलाय, हे त्यावरून कळत नाही.

ही तपासणी बऱ्याचदा मागवतात संधिवाताचे डॉक्टर. अ‍ॅडालिमुमॅबसारखं टीएनएफ अडवणारं औषध सुरू करण्याआधी ती लागते. टीएनएफ सांधे सुजवतं खरं, पण फुप्फुसात निपचित पडलेल्या टीबीभोवतीचं पेशींचं कुंपणही तेच टिकवून धरतं. हाक बंद केली की सांध्याला आराम पडतो आणि कुंपण ढासळू शकतं.

गेल्या ऑगस्टमध्ये लालबागच्या एक काकू डेंग्यूचा रिपोर्ट न्यायला आल्या. तापाचा पाचवा दिवस, ताप सकाळीच उतरलेला. आयजीएम (आधी येणारी अँटिबॉडी) आणि आयजीजी (नंतर येणारी) दोन्ही पॉझिटिव्ह. ‘अगं, मुलगा म्हणतो अँटिबॉडी तयार झाल्या. म्हणजे आता घरी पडून राहिलं तरी चालेल ना?’ पाचव्याच दिवशी आयजीजी इतकं ठळक, म्हणजे बहुधा हा पहिला डेंग्यू नव्हता. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाच्या अँटिबॉडी दुसऱ्याला धरतात, पण पुरत्या निकामी करू शकत नाहीत. उलट त्या पकडीसकट विषाणू मॅक्रोफेजसारख्या पेशींमध्ये सहज शिरतो, आत वाढतो, आणि मग त्या पेशी हाकांचा नुसता कल्लोळ उडवतात. केशवाहिन्या गळू लागतात. हे बहुतेकदा ताप उतरतो त्या एक-दोन दिवसांतच होतं, आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो.

‘काकू, पोट दुखतंय? उलट्या? लघवी कमी झालीय?’ मी विचारलं.

‘उलटी दोनदा झाली. पण प्लेटलेट ठीक आहेत बघ,’ असं म्हणत त्यांनी पिशवीतून दोन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, काढले. प्लेटलेट सगळे बघतात. मी त्याच्या वरची ओळ बघितली: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, तीन दिवसांपूर्वी ३६, आज ४२. रक्तातलं पाणी बाहेर जात होतं. मी त्या दोन आकड्यांखाली पेनानं रेघ मारली आणि म्हटलं, ‘घरी नका जाऊ. हा कागद घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा, आणि त्यांना ही ओळ दाखवा.’ मुलाला मी तिथूनच फोन लावून दिला.